लहान शिकार : भोग, करुणा आणि भूक

१

बंगळूर शहराच्या पूर्वेस जुन्या विमानतळाच्या रस्त्याने गेले की मारतहळ्ळी लागते. आज या नावाबरोबर संगणक-व्यवसायाच्या उंच इमारती, उड्डाणपूल आणि वाहनांच्या रांगा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु कन्नडमध्ये 'हळ्ळी' म्हणजे खेडे. आणि हे खेडे ज्या भूप्रदेशातले, तो दख्खनच्या पठारावर सर्वत्र परिचित असलेला भूप्रदेश होता : नाचणीची कोरडवाहू शेते, मातीचे बांध, बांधांवरची खुरटी झुडपे आणि पावसाचे पाणी अडवून केलेली तळी. बेळ्ळंदूर आणि वर्तूर हे मोठे तलाव येथून जवळच आहेत. अशा प्रदेशात वाघ राहत नाही. तेथे राहतो तो ससा, तितर आणि लावा, तळ्याकाठी पाणलावा, आणि पीक तयार झाले की बांधाच्या बिळातला उंदीर.

मारतहळ्ळीच्या पश्चिमेस १९४० साली विमानबांधणीचा कारखाना सुरू झाला. केनेथ अँडरसन (१९१०–१९७४) हे इंग्रजी शिकारकथांचे प्रसिद्ध लेखक पुढे या कारखान्यात अधिकारपदावर होते. १९५४ पासून प्रकाशित झालेल्या त्यांच्या पुस्तकांनी दक्षिणेकडील नरभक्षक वाघ आणि बिबळे वाचकांच्या घरात आणून सोडले. त्यापूर्वी दहा वर्षे, १९४४ मध्ये, जिम कॉर्बेट यांनी कुमाऊंमधील नरभक्षकांसाठी हेच केले होते. या परंपरेतील ग्रंथांत एखादा रानकोंबडा किंवा तितर येतो, पण तो मुक्कामावरच्या जेवणापुरता. एका वाक्यात तो मारला जातो, दुसऱ्या वाक्यात शिजतो आणि तिसऱ्या वाक्यात कथा पुन्हा वाघाकडे वळते.

ही केवळ इंग्रजी लेखकांची सवय नव्हे. मोठ्या शिकारीची कथा होते, लहान शिकारीचे कालवण होते, असा जणू साहित्याचा सर्वत्र मान्य झालेला नियम आहे. वाघ मारणारा आपले शौर्य सांगतो. त्याच्या श्वापदाचे कातडे भिंतीवर लागते आणि मांस कोणी खात नाही. सशाचे कातडे फेकून दिले जाते आणि मांस खाल्ले जाते. म्हणून मोठ्या शिकारीच्या वाङ्मयात 'कोणी मारले' हा प्रश्न मध्यवर्ती असतो, तर लहान शिकारीचा विषय निघाला की 'कोणी शिजवले, कोणी खाल्ले आणि कोणी ते लपवले' हे प्रश्न पुढे येतात. प्रस्तुत लेखात भारतीय भाषांतील काही निवडक ग्रंथांच्या आधारे या दुसऱ्या प्रश्नांचा मागोवा घ्यावयाचा आहे. एकच प्राणी, जवळजवळ एकाच रीतीने शिजवलेला, राजाच्या ग्रंथात भोग ठरतो आणि पारध्याच्या घरात कलंक ठरतो. हे अंतर कसे निर्माण झाले, हा या विवेचनाचा मुख्य विषय होय.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल, कारण शिकारीसाठी मराठीत असलेले तीन शब्द तीन वेगवेगळ्या दुनियांतून आले आहेत. 'मृगया' हा संस्कृत शब्द राजाचा आहे. त्यातील 'मृग' या पदाचा जुना अर्थ हरिण एवढाच नसून सामान्यतः रानातले जनावर असा आहे. 'शिकार' हा फारसी शब्द दरबारांबरोबर आला आणि त्याला हौसेचा रंग कायम चिकटून राहिला. तिसरा शब्द 'पारध'. हा प्राकृत 'पारद्धि'चा वंशज. जैन लेखकांच्या संस्कृतात या प्राकृत शब्दाला 'पापर्द्धी' असे रूप दिलेले आढळते. म्हणजे पापाची समृद्धी. शब्दाला संस्कृताचा पोशाख चढवताना त्यात नैतिक निवाडाही शिवून टाकण्यात आला. राजा करतो ती मृगया, सरदार करतो ती शिकार, आणि ज्याचे पोट त्यावर चालते तो करतो ती पारध. आणि 'पाप' हे अक्षर जोडले गेले ते या तिसऱ्या शब्दाला.

'फासेपारधी' या नावात साधनाचाच निर्देश आहे. फास म्हणजे पाश. बंदूक दुरून मारते. फास मांडणाऱ्याला मात्र प्राण्याची वाट, पाणी पिण्याची वेळ, चरण्याची जागा आणि दचकण्याची रीत ठाऊक असावी लागते. शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशाने पाखरांच्या थव्याजवळ सरकणे, पाळलेल्या तितराचा पिंजरा झुडपात ठेवून त्याच्या हाकेवर रानतितर बोलावणे, या पद्धती जुन्या वर्णनांत वारंवार येतात. रानतितर हाकेला येतो तो आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून, झुंजीसाठी. त्याच्या या स्वभावाची माहिती हेच पारध्याचे खरे हत्यार. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या ललित लेखनात पक्ष्यांविषयीची जी सूक्ष्म माहिती आढळते, तिच्यामागे वनाधिकारी म्हणून केलेल्या भटकंतीबरोबरच पारध्यांसारख्या रानात राहणाऱ्या माणसांच्या ज्ञानाचेही ऋण आहे.

'ससाणा' या शब्दाचेही येथे स्मरण करावयास हवे. तो संस्कृत 'शशादन' या शब्दाशी जोडला जातो. शशादन म्हणजे ससा खाणारा. म्हणजे राजाच्या मनगटावर बसणाऱ्या या मानाच्या पक्ष्याचे नावसुद्धा लहान शिकारीवरून पडलेले आहे.

३

काय खावे आणि काय खाऊ नये याचा विचार संस्कृत ग्रंथांनी अत्यंत बारकाईने केला आहे, आणि त्यात लहान प्राण्यांना अनपेक्षित महत्त्व मिळाले आहे. पाच नखे असलेल्या प्राण्यांपैकी केवळ पाच भक्ष्य होत, हा धर्मशास्त्रातील प्रसिद्ध नियम. गणनेत थोडाफार फरक असला तरी ससा, साळिंदर, घोरपड आणि कासव हे त्यात बहुतेक ठिकाणी येतात. हा नियम इतका सर्वपरिचित होता की पतंजलींनी महाभाष्यात आणि पुढे मीमांसकांनी आपापल्या शास्त्रातील मुद्दा समजावून देण्यासाठी त्याचेच उदाहरण घेतले. पाच भक्ष्य आहेत असे म्हटले की उरलेले अभक्ष्य आहेत हे न सांगता कळते, हा तो मुद्दा. व्याकरणाच्या पाठात ससा आणि घोरपड अशा रीतीने शतकानुशतके उदाहरण म्हणून वावरत राहिली.

परंतु या यादीचा सर्वांत हृदयस्पर्शी उपयोग वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात झाला आहे. रामाच्या बाणाने पडलेला वाली रामाला दोष देताना ही पाच प्राण्यांची यादी म्हणून दाखवतो. वानर त्या यादीत नाही; त्याचे मांस कोणी खात नाही, त्याचे कातडे कोणी पांघरत नाही; मग त्याला मारले कशासाठी, असा त्याचा सवाल आहे. भक्ष्याभक्ष्याचा नियम एरवी खाणारा उच्चारतो. येथे तो मारला गेलेला उच्चारतो. पोटासाठी केलेल्या हत्येला निदान कारण असते, हा वालीच्या बोलण्याचा गाभा. लहान शिकारीच्या बाजूने केलेला इतका जुना आणि इतका टोकदार युक्तिवाद क्वचितच सापडेल.

आयुर्वेदाने हाच विषय भूगोलाच्या अंगाने मांडला. चरकसंहितेत मांसाचे आठ वर्ग सांगितले आहेत आणि ते प्राण्याच्या राहण्याच्या व खाण्याच्या रीतीवरून पाडले आहेत. जमीन उकरून दाणे टिपणारे ते विष्किर. लावा आणि तितर या वर्गातले. बिळात राहणाऱ्यांचा वर्ग वेगळा, पाणथळीतल्यांचा वेगळा, कोरड्या रानातल्यांचा वेगळा. पक्ष्यांच्या मांसात लावा श्रेष्ठ आणि बिळात राहणाऱ्यांत घोरपड श्रेष्ठ, असा निर्वाळाही चरकात आहे. फ्रेंच अभ्यासक फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या वर्गीकरणाचे मर्म उलगडून दाखवले. 'जांगल' म्हणजे घनदाट अरण्य नव्हे, तर कोरडी, मोकळी, झुडपांची जमीन. आणि तिच्यावर वाढलेल्या प्राण्याचे मांस हलके व पथ्यकर मानले गेले. मारतहळ्ळीसारख्या खेड्याभोवतीचे बांध आणि माळ हे या अर्थाने जांगल प्रदेशाचे, तर तळ्याकाठची दलदल ही आनूप प्रदेशाची नमुनेदार उदाहरणे होत. कल्पनेत जंगल दाट होत गेले ते पुढे. वैद्यांचे जांगल मात्र सशाचे आणि तितराचे होते.

४

शास्त्रांनी यादी दिली. कृती दिली ती एका राजाने. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर, विक्रमादित्याचा पुत्र, याने इ. स. ११२६ ते ११३८ या काळात राज्य केले आणि ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' ऊर्फ 'अभिलषितार्थचिंतामणी' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची राजधानी कल्याण म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठवाड्याच्या अगदी सीमेवरचे हे गाव. ग्रंथाचे पाच भाग असून प्रत्येकात वीस अध्याय आहेत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेले त्याचे तीन खंड १९२५, १९३९ आणि १९६१ या वर्षी निघाले. मराठी वाचकाला हा ग्रंथ ज्या कारणाने ठाऊक असतो ते म्हणजे त्यातील मराठीचे प्राचीन अवशेष आणि महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात हा त्यातील उल्लेख. कांडणाऱ्या बाईचे गाणे ज्या ग्रंथात आले, त्याच ग्रंथात चुलीवरचा उंदीरही आला आहे.

या ग्रंथात शिकार आणि स्वयंपाक हे दोन वेगळ्या भागांत आहेत. मृगया, मासेमारी, कुत्र्यांचा खेळ आणि ससाण्यांचा खेळ हे राजाच्या विनोदांत, म्हणजे करमणुकीत, मोडतात. पदार्थांची माहिती मात्र उपभोगांच्या भागात 'अन्नभोग' या प्रकरणात येते. मारणे ही करमणूक आणि खाणे हा भोग, अशी ही विभागणी आहे. मासेमारीच्या अध्यायातील माशांचे ज्ञान इतके नेमके आहे की प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला.

अन्नभोगाच्या प्रकरणात आजच्या इडली, धिरडी, मांडे, पुऱ्या यांच्या पूर्वजांबरोबर मांसाच्या अनेक कृती आहेत. त्यांतील शेतउंदराची कृती विशेष लक्ष देण्याजोगी आहे. उंदीर कोणता घ्यावा हे राजा प्रथम सांगतो : शेतात किंवा नदीकाठी वाढलेला, काळा आणि बळकट. त्याला शेपटीने धरून कढत तेलात धरावे, म्हणजे केस निघून येतात. मग गरम पाण्याने धुऊन पोट चिरावे आणि आतील भाग आवळा व मीठ घालून शिजवावा. दुसरी रीत अशी, की तो लोखंडी सळईवर लावून निखाऱ्यावर भाजावा; वरची कातडी करपली वा आक्रसली की मीठ, जिरे आणि डाळीचे पीठ भुरभुरावे. कासवाची कृतीही आहे : ते भाजून, पाय आणि कवच काढून टाकल्यावर आतील मांस शिजवावे.

ही कृती वाचताना आधुनिक वाचकाला जो धक्का बसतो तो बाजूला ठेवून तिच्यातील व्यवहारज्ञान पाहिले पाहिजे. शेतातला उंदीर घ्यावा ही अट महत्त्वाची आहे, कारण तो धान्यावर वाढलेला असतो. घरातला किंवा गटारातला उंदीर येथे अभिप्रेत नाही. बिहारमधील मुसहर आणि तमिळनाडूतील इरुळ या समाजांतही हाच भेद पाळला जात आला आहे. उंदराने बिळात साठवलेले धान्य काढून घेणे हाही या समाजांच्या परंपरेचा भाग होता. त्यामुळे बीळ उकरणे म्हणजे एकाच वेळी शिकार आणि सुगीनंतरची वेचणी असे. केस काढण्याची अडचण तर प्रत्येक लहान प्राण्याबाबत असते. मोठ्या जनावराचे कातडे सोलले की काम भागते. लहानाचे केस मांसाला चिकटतात. म्हणून कढत तेल, कढत पाणी किंवा गवताचा जाळ यांपैकी काही तरी लागतेच. गवताच्या जाळावर केस भाजून घेण्याची रीत गावोगाव होती. राजाकडे तेल मुबलक होते एवढाच फरक.

आंबट घालण्यामागेही कारण आहे. सतत धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या प्राण्याच्या मांसात चरबी फारच कमी असते आणि तंतू घट्ट असतात. सशाचे मांस नुसते भाजले तर कोरडे पडते. ते आंबटात मुरवावे लागते किंवा मंद आचेवर बराच वेळ शिजवावे लागते. तितर आणि लावा यांच्या छातीचा भाग लवकर सुकतो, म्हणून तो तेलात किंवा रश्शात ठेवणे सोयीचे. सोमेश्वराने आवळा घेतला. खेड्यातील स्वयंपाकिणीने पुढे चिंच, ताक, जे हाताशी असेल ते घेतले. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली, त्यानंतर रश्शाचा रंग बदलला. पाकाचा विचार मात्र तोच राहिला. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या राजाचे स्वयंपाकघर आणि माळावरची तीन दगडांची चूल यांत या एका पदार्थापुरते तरी तंत्राचे अंतर फार थोडे आहे.

येथे एक विसंगती नजरेतून सुटू नये. धर्मशास्त्राच्या पाच प्राण्यांत उंदीर नाही. म्हणजे नियमाप्रमाणे तो अभक्ष्य. तरीही राजाने तो संस्कृत श्लोकांत बसवला आणि त्याबद्दल त्याला संकोच वाटला नाही. सत्ताधाऱ्याने खाल्ले की तो रसिकपणा ठरतो. तोच पदार्थ शेतमजुराने खाल्ला तर त्याला कोणी रसिक म्हटले नाही.

५

सोमेश्वर ज्या पिढीत कल्याण येथे भोगांची मोजदाद करत होता, त्याच पिढीत तमिळ देशात दुसऱ्या कुलोत्तुंग चोळाच्या (११३३–११५०) आश्रयाने सेक्किळार 'पेरियपुराणम्' लिहीत होता. त्यातील कण्णप्पाची कथा दक्षिणेतील सर्व भाषांत पसरली आहे. कण्णप्पा हा व्याध. काळहस्तीच्या रानात शिवलिंग पाहून त्याचे मन विरघळते. देव उपाशी असेल म्हणून तो रानडुकराचे मांस विस्तवावर भाजतो, प्रत्येक तुकडा चाखून पाहतो, जो कोवळा आणि रुचकर लागेल तोच देवापुढे ठेवतो. पूजा करणारा ब्राह्मण ते पाहून हादरतो, देऊळ धुऊन काढतो; दुसऱ्या दिवशी मांस पुन्हा हजर असते. शेवटी देवाच्या डोळ्यातून रक्त वाहताना पाहून कण्णप्पा स्वतःचा डोळा काढून देतो.

रानडुक्कर लहान शिकारीत मोडत नाही हे खरे. परंतु येथे महत्त्वाची आहे ती स्वयंपाकाची रीत. सोमेश्वराच्या ग्रंथात मारणारा, शिजवणारा आणि खाणारा हे तिघे वेगळे आहेत. कण्णप्पा तिन्ही भूमिका एकटा करतो, आणि खाण्याचा मान दुसऱ्याला देतो. लहान शिकारीवर जगणाऱ्या माणसाची हीच रीत असते. त्याचे चाखणे उष्टे करण्यासाठी नसून पारखण्यासाठी आहे. मराठी वाचकाला येथे शबरीच्या बोरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण शबरीने बोरे दिली, कण्णप्पाने मांस दिले. आणि लोकमानसात शबरी जितक्या सहजपणे उत्तरेकडून महाराष्ट्रात रुळली, तितक्या सहजपणे कण्णप्पा रुळला नाही. कर्नाटकात मात्र तो पूर्णपणे आपला झाला. १९५४ मध्ये 'बेडर कण्णप्प' या कन्नड चित्रपटातून राजकुमार यांनी नायक म्हणून पदार्पण केले. 'बेड' म्हणजे व्याध. मराठीतील 'बेरड' हे जातिनाम याच शब्दकुळातले.

त्याहूनही जुन्या तमिळ संघम् वाङ्मयात व्याधांच्या वस्तीतील आतिथ्य येते. 'पेरुम्पाणाट्रुप्पडै' या दीर्घकाव्यात रानातून जाणाऱ्या गायकाला एयिनर नावाचे पारधी तांबड्या भाताबरोबर कुत्र्यांनी धरून आणलेल्या घोरपडीचे मांस वाढतात. तेथे लाज नाही, माफी नाही आणि भोगाचा थाटही नाही. पाहुणा आला, घरात जे आहे ते वाढले. लहान शिकारीच्या भारतीय वाङ्मयातील हे बहुधा सर्वांत निरोगी चित्र म्हणावे लागेल.

मराठी गद्याच्या आरंभीच लहान शिकारीचा एक प्रसंग उभा आहे, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. म्हाइंभटांनी सुमारे १२७८ मध्ये सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामी झाडाखाली बसले असता पारध्यांपुढे पळणारा एक ससा येऊन त्यांच्या गुडघ्याखाली शिरतो. मागून पारधी येतात आणि ससा मागतात. स्वामी तो देत नाहीत. जो शरण आला त्याला मरण कसे द्यावे, हा त्यांचा भाव. बोलणे होते, पारधी निघून जातात आणि मग सशाला मोकळे केले जाते. प्रसंग लहान, वाक्ये त्याहून लहान. पण ससा, कुत्री आणि धापा टाकणारी माणसे यांचा ताण त्यांत पूर्ण उतरला आहे.

या लीळेचा विचार करुणेच्या अंगाने नेहमी होतो, आणि तो योग्यच आहे. तथापि तुलनेच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट पाहावयास हवी. चक्रधरांनी पारध्यांचा धिक्कार केला नाही. त्यांच्याशी संवाद केला. पुढे जीवदयेची जी संस्थात्मक रूपे रूढ झाली, त्यांत पकडलेली पाखरे पैसे देऊन सोडवण्याचा प्रघात होता. त्यात पाखरू सुटते, देणाऱ्याला पुण्य मिळते आणि पारधी पुन्हा फास मांडायला रानात जातो. करुणेच्या त्या हिशेबात सशाची जागा ठरलेली असते, पारध्याची मात्र नसते. लीळाचरित्रात निदान तो समोर उभा आहे आणि बोलतो आहे.

६

आधुनिक काळात या सर्व चित्रावर तीन घटनांची गडद छाया पडली. पहिली घटना कायद्याची. १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. फासेपारध्यांवरही तो शिक्का बसला आणि १९५२ मध्ये कायदा रद्द होईपर्यंत, किंबहुना नंतरही, तो पुसला गेला नाही. दुसरी घटना रोगाची. १८९६ मध्ये मुंबईत आणि १८९८ मध्ये बंगळुरात प्लेग आला. उंदरावरील पिसवांमार्फत हा रोग पसरतो हे त्याच सुमारास, १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवून दिले. उंदीर एका पिढीत अन्नाच्या आणि उपद्रवाच्या कोटीतून मृत्यूच्या कोटीत गेला. ही भीती निराधार नव्हती. लेप्टोस्पायरा जंतूंसारखा धोका आजही उंदराच्या मूत्रातून पसरतो आणि प्राणी हाताळणाऱ्याला तो प्रथम गाठतो. परंतु रोगाची भीती आणि जातीची शिसारी एकमेकींत मिसळल्या, आणि ज्यांच्या ताटात उंदीर होता ती माणसेच अस्वच्छ ठरवली गेली.

तिसरी घटना पुन्हा कायद्याची, पण वेगळ्या हेतूची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीचे परवाने तीन प्रकारचे होते : विशेष शिकार, मोठी शिकार आणि लहान शिकार, जिवंत प्राणी पकडण्यासाठी चौथा परवाना. म्हणजे 'लहान शिकार' हा त्या कायद्यातील पारिभाषिक शब्द होता आणि त्याची स्वतंत्र अनुसूची होती. उंदीर उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होता. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपुष्टात आले आणि त्याबरोबर ही पारिभाषिक विभागणीही निरर्थक झाली. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची अनुसूचीही काढून टाकली. आज ससा, तितर, लावा यांची शिकार हा गुन्हा आहे. माळराने नांगराखाली आणि इमारतींखाली गेल्यानंतर या प्राण्यांना संरक्षण देणे अटळच होते, याविषयी दुमत असू नये. पण परवाना काढून बंदुकीने हौस भागवणाऱ्याचा छंद गेला, आणि फास मांडणाऱ्याची भाकरी गेली; एकाच कलमाने घडलेल्या या दोन गोष्टी समान नव्हेत.

या भाकरीची बाजू मराठीत आली ती आत्मकथनांतून. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७), तसेच बेळगाव भागातील बेरडांचे जीवन मांडणारे भीमराव गस्ती यांचे 'बेरड' या ग्रंथांनी अन्नाकडे पाहण्याची मराठी साहित्याची दृष्टीच बदलली. यांत अन्न हा रुचीचा विषय नसून मिळण्याचा विषय आहे. सोमेश्वर उंदीर कोणता निवडावा हे सांगतो. भुकेल्या घरात निवडीला जागा नसते. सोमेश्वराचा श्लोक पदार्थ तयार झाला की संपतो; आत्मकथनातील प्रसंग तेथून पुढे सुरू होतो, कारण पुढे शाळा असते, गाव असतो, आणि काल काय खाल्ले हे कोणाला कळू नये याची धडपड असते. लहान शिकारीचे कालवण होते, हे आरंभीचे विधान येथे पुरे करून घ्यावयास हवे : कालवण होते, आणि त्या कालवणाचा वास लपवावा लागतो.

शाहू पाटोळे यांचा 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) हा ग्रंथ या दृष्टीने पुढचे पाऊल होय. मराठवाड्यातील दलितांच्या ज्या स्वयंपाकघरांची दखल मराठी पाकशास्त्रांनी घेतली नव्हती, त्यांच्या कृती त्यांनी नावानिशी, सामग्रीनिशी लिहून काढल्या. आत्मकथनाने भूक सांगितली. या ग्रंथाने भुकेतही कौशल्य होते हे सांगितले. शिजवणाऱ्या हाताला कृती लिहिण्याचा अधिकार मिळणे ही साहित्याच्या इतिहासातील घटना आहे. मराठवाड्याच्या त्याच परिसरालगत, कल्याणात, नऊ शतकांपूर्वी एका राजाने तो अधिकार वापरला होता. तो अधिकार राजवाड्यातून चुलीपाशी पोचण्यास इतका काळ लागला.

७

या विवेचनातून तीन दृष्टी स्पष्ट होतात. भोगाची दृष्टी प्राण्याला पदार्थ म्हणून पाहते आणि त्याचे नेमके वर्णन करते, पण पकडणाऱ्याला विसरते. करुणेची दृष्टी प्राण्याला जीव म्हणून पाहते आणि वाचवते, पण पकडणाऱ्याच्या चुलीपर्यंत क्वचितच जाते. भुकेची दृष्टी त्या चुलीपाशी बसलेली असते. मात्र तिला लेखणी मिळते ती सर्वांत शेवटी. कण्णप्पाच्या कथेत आणि संघम् काव्यातील त्या आतिथ्यात या तिन्ही दृष्टी क्षणभर एकत्र येतात, म्हणून ती स्थळे आजही ताजी वाटतात.

आता फास मांडण्याचा काळ संपला आहे, आणि तो परत यावा असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न उरतो तो त्या फासामागच्या ज्ञानाचा. वाशीम-अकोला भागातील गवताळ रानांत तणमोराच्या संवर्धनासाठी फासेपारध्यांची मदत घेतली जाऊ लागली, ही या दृष्टीने आशादायक गोष्ट आहे. पाखराची वाट ज्याने पकडण्यासाठी ओळखली, तोच ती राखण्यासाठीही ओळखू शकतो. तमिळनाडूत १९७८ मध्ये स्थापन झालेल्या इरुळ सर्पपकड सहकारी संस्थेने हेच तत्त्व सापांबाबत आधी सिद्ध केले होते. कातड्यासाठी साप धरणारे हात तेथे औषधाकरिता विष काढू लागले. साहित्याच्या अभ्यासकाकडेही असेच एक काम आहे. बांधावरच्या गवतापासून रश्शाच्या भांड्यापर्यंतचे जे शब्द या माणसांच्या तोंडी आहेत, त्यांची नोंद करणे. हे शब्द शिकारीबरोबर नाहीसे होत आहेत आणि त्यांना कोणत्याही अनुसूचीचे संरक्षण नाही.

मारतहळ्ळीच्या आसपासची नाचणीची शेते आता इमारतींखाली गेली आहेत. शहरातील खाद्यगृहांत 'बटेर' या नावाने जो पक्षी मिळतो तो पिंजऱ्यात वाढवलेला जपानी लावा असतो. कोणी त्याच्या मागे रान तुडवलेले नसते आणि तो खाल्ल्याचे कोणी लपवतही नाही. पदार्थाला प्रतिष्ठा मिळाली आहे. ती प्रतिष्ठा तो पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या माणसांपर्यंत पोचली की नाही, या कसोटीवर पुढील काळातील मराठी वाचकाने आपले साहित्य आणि आपले ताट या दोहोंकडे पाहावे.